राजवाड्यातील उन्हाळी कलोत्सव
(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या संमेलनात एखाद्या निवृत्त शिक्षकास उभे करावयाचे आणि त्याने विद्यार्थ्यांस अभ्यासाविषयी चार शब्द सांगावयाचे, असा आपला जुना प्रघात आहे. या खेपेस तो मान आमच्याकडे आला. परंतु अभ्यास कसा करावा हे आम्ही जन्मभर सांगत आलो आणि ज्यांना करावयाचा होता त्यांनी तो आमच्या सांगण्यावाचूनही केला. म्हणून आज निराळाच विषय घेण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांकडून मागून घेतली आहे. विषय आहे राजवाड्यात भरणाऱ्या उन्हाळी कलोत्सवाचा. वऱ्हाडात बसून राजवाड्यांच्या गोष्टी कशास, असे कोणी मनात म्हणेल. त्याचे कारण असे की आज दुपारच्या सभेपुढे आपल्या परकोटातील जुन्या वाड्याचा प्रश्न आहे आणि आम्हांस जे सांगावयाचे आहे ते अखेर त्या वाड्यापाशीच येणार आहे.

प्रथम राजवाडा म्हणजे काय याचा विचार करू. आपण त्याच्या भिंती, बुरूज, झुंबरे पाहतो. पण कलावंताच्या दृष्टीने राजवाडा म्हणजे आश्रय. गवई गात होता, कारण ऐकणारा धनी होता. चितारी रंग कालवीत होता, कारण रंगाचे पैसे देणारा धनी होता. या आश्रयाने आपल्या भाषेचे किती कल्याण केले याची आपणांस बहुधा कल्पना नसते. दूर तामीळ देशात, तंजावरच्या भोसल्यांच्या राजवाड्यात, व्यंकोजीचे पुत्र शहाजीराजे (राज्यकाल १६८४ ते १७१२) यांनी मराठीत नाटके रचिली. त्यांपैकी ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ या नाटकाचे नाव जाणत्यांच्या परिचयाचे आहे. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाने ही पोथ्यांची ठेव सांभाळिली. महाराष्ट्रात मात्र या नाटकांची गंधवार्ता कित्येक पिढ्यांस नव्हती. राजवाड्यात जन्मलेली कला राजवाड्यातच राहिली, की तिचे असे होते.

आता दुसरे उदाहरण पाहा, कारण ते याच्या नेमके उलट आहे. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या दरबारी कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ झाले. ते पाहून श्रीमंतांच्या मनात आले की असे काही आपल्या भाषेत, अधिक नीटनेटके, का होऊ नये? पदरी विष्णुदास भावे नावाचा तरुण होता. कळसूत्री बाहुल्या करण्यात त्याचा हात बसलेला. श्रीमंतांनी आज्ञा केली आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ हे नाटक झाले. आजही तो दिवस मराठी रंगभूमिदिन म्हणून पाळला जातो. येथवर गोष्ट बहुतेकांस ठाऊक असते. पुढची गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि दरबारचा आश्रय तुटला. आता भाव्यांनी काय करावे? त्यांनी मंडळी घेतली, सामान बैलगाड्यांत घातले आणि ते गावोगाव निघाले. १८५३ साली मुंबईस ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केला. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे, तो प्रेक्षक. मग तो शेट असो, कारकून असो वा गिरगावातला पाणक्या असो. धनी मेला म्हणून मराठी नाटक मेले नाही. ते राजवाड्याबाहेर पडले आणि वाढले. सांगलीची गादी जर खंबीर राहिली असती, तर हे नाटकही तंजावरच्या पोथ्यांप्रमाणे कपाटात राहिले असते की काय, ही शंका आमच्या मनात नेहमी येते. श्रीमंतांचे उपकार आम्ही नाकारीत नाही. पण आश्रय तुटल्याचेही काही उपकार असतात.

मग राजे गेले, संस्थाने विलीन झाली आणि राजवाडे रिकामे उभे राहिले. त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर देशभर पडला. कोठे कचेरी बसली, कोठे महाविद्यालय, कोठे उंची हॉटेल. कोठे वटवाघळांनीच ताबा घेतला. आणि कोठे कोठे, वर्षातून काही दिवस का होईना, तेथे पुन्हा गाणे-नाचणे सुरू झाले. मात्र या वेळी ऐकावयास बसले ते सर्वसाधारण लोक.

असा एक उत्सव आपल्या शेजारी, मराठी माणसांच्या जुन्या बिऱ्हाडी, इंदोरास भरतो. त्याचे नाव मालवा उत्सव. दरवर्षी मे महिन्यात होळकरांच्या लालबाग राजवाड्याच्या आवारात तो होतो. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही सपत्नीक तेथे गेलो होतो. मुलीचे सासर तिकडचे, म्हणून जाणे घडले. नाहीतर शिक्षकाच्या निवृत्तिवेतनात उत्सवासाठी इंदोर गाठण्याची चैन बसत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या तरुणपणी अकोल्याहून इंदोरास जाणे म्हणजे छोट्या लाइनीची गाडी. अकोट सोडले की सातपुड्याचे डोंगर सुरू होत. गाडी मेळघाटच्या रानातून वळणे घेत खांडव्यास जाई आणि पुढे नर्मदा ओलांडून, पाताळपाणीचा घाट चढून, महूवरून इंदोर. डब्यात एका बाकावर मारवाडी व्यापारी, दुसऱ्यावर कोरकू बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन, तिसऱ्यावर आम्ही, दशम्या आणि मिरचीचा ठेचा सोडून बसलेले. अकोला-खांडवा ही गाडी रुळांचे माप बदलण्याच्या कामासाठी २०१७ साली थांबली. आम्ही गेलो ते बऱ्हाणपूर, खांडवा या मार्गाने मोटारीतून. मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदेस नमस्कार तेवढा पूर्वीसारखाच केला.

लालबाग राजवाडा खान नदीच्या काठी आहे. १८८६ च्या सुमारास त्याचे काम सुरू झाले आणि १९२१ पर्यंत चालले. होळकरांच्या तीन पिढ्यांचे हात त्यास लागले. आवार सुमारे ७० एकरांचे. त्याची मोठी लोखंडी फाटके लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांवरून इंग्लंडात ओतवून, आगबोटीने मुंबईस आणून, तेथून इंदोरास नेली. आत नाचाचा दिवाणखाना असून त्याची लाकडी जमीन पावलांखाली किंचित लवेल अशी मुद्दाम बनविलेली आहे. स्वयंपाकघर नदीच्या पलीकडे होते आणि तेथून भुयारी वाटेने जेवण येई. वासाचा त्रास पाहुण्यांस होऊ नये ही त्यातली युक्ती. आमच्या घरी फोडणीचा वास आला नाही तर आज जेवण आहे की नाही अशी पाहुण्यांस काळजी वाटते. पण ते असो. याच वाड्यात राहणारे तिसरे तुकोजीराव होळकर यांनी १९२६ साली गादी सोडली आणि १९७८ साली ते कैलासवासी झाले. पुढे वाडा राज्यशासनाकडे आला आणि तेथे संग्रहालय झाले.

होळकरांचा दरबार संगीतासाठी नावाजलेला. पखवाजाचे आचार्य नाना पानसे इंदोर दरबारीचे. ख्याल गाणारे उस्ताद अमीर खाँ (१९१२ ते १९७४) यांच्या नावाशी इंदोरचे नाव कायमचे जोडले गेले. पण इंदोरच्या सामान्य रहिवाशाने दरबारातील गाणे कधी ऐकले? त्याने फार तर फाटकाबाहेर उभे राहून हत्ती आणि मोटारी मोजल्या.

आम्ही संध्याकाळी सातच्या सुमारास पोहोचलो. उन्हाची झळ ओसरली होती. माळव्यातील संध्याकाळी आपल्यापेक्षा सौम्य असतात, याचा तेथील लोकांस उगीच अभिमान नाही. त्याच फाटकांच्या आवारात माणसांचा पूर लोटला होता. खांद्यावर मुले घेतलेले बाप, मागे डबे-पिशव्या सांभाळणाऱ्या आया, म्हातारी माणसे, रिक्षावाले, महाविद्यालयातील मुली. एका बाजूस कारागिरांच्या राहुट्या. माहेश्वरचे लुगड्यांचे विणकर, बांबूकाम करणारे, मातीची भांडी, लाकडी खेळणी. माहेश्वरचा माग अहिल्याबाईंच्या आश्रयाने भरभराटीस आला हे आपण पुस्तकात शिकविले आहे. पण त्या मागावर बसणाऱ्या माणसाशी बोलण्याचा योग आम्हांस तेथे प्रथम आला. किनारीवरील लाटांची नक्षी नर्मदेच्या पाण्यावरून घेतली, असे त्याने सांगितले. आमच्या सौभाग्यवतींनी भाव विचारला आणि मग आम्ही पुढच्या राहुटीकडे वळलो.

रात्री मंचावर नृत्ये झाली. माळव्याचे मटकीनृत्य, निमाडचे गणगौर, भिल्लांचा भगोरियाचा नाच. आणि मग एक मेळा आला. पांढरी धोतरे नेसलेले पुरुष, ढोल, बासरी. स्त्रियांची ओळ एकमेकींच्या हातात हात गुंफून मंद पावलांनी पुढे-मागे झुलणारी. निवेदकाने सांगितले की हे कोरकू आहेत.

भगिनींनो आणि बंधूंनो, आम्ही खुर्चीत सरसावून बसलो. कोरकू! धारणी आणि चिखलदऱ्याचे कोरकू आमचे शेजारी. ज्या तालुक्यात आम्ही पाच वर्षे नोकरी केली, तेथील आमच्या वर्गात निम्मी मुले कोरकू होती. त्यांना आम्ही पाढे शिकविले, शुद्धलेखन शिकविले आणि स्नेहसंमेलनात त्यांच्याकडून कोळीनृत्य बसवून घेतले, कारण ध्वनिफीत कोळीनृत्याची मिळत होती. वऱ्हाडच्या मुलांनी वऱ्हाडच्या रानात समुद्रावरचे नृत्य करावे आणि त्यांच्या आईबापांचे नृत्य आम्ही पाहावे ते इंदोरात, एका मराठी सरदाराच्या राजवाड्याच्या अंगणात! खात्याच्या परिपत्रकात ‘स्थानिक कला’ असे शब्द तेव्हाही असत. पण परिपत्रक फळ्याशेजारच्या खिळ्यास लटके आणि मुले पडद्यामागे कागदी होड्या घेऊन उभी राहत.

नृत्य संपल्यावर इंदोरच्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आमच्या पलीकडे बसलेल्या एका गृहस्थांनी विचारले, “ये लोग कहाँ के हैं?” आम्ही म्हटले, “हमारे यहाँ के.” हे म्हणताना आनंद झाला आणि संकोचही वाटला, कारण त्या मेळ्याचे गाव खरोखर सातपुड्याच्या आपल्या अंगास की पलीकडे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. कोरकूंस ती सीमा आपण आखून दिली.

या उत्सवात सर्व काही गोड आहे असे नव्हे. हल्लीच्या कोणत्याही उत्सवाप्रमाणे तेथेही ध्वनिवर्धकाचा आवाज असा की बासरी ऐकू यावी तर ढोल कानात बसतो. हिरवळीवर कागदी पेले टाकणारे आपणच प्रेक्षक असतो. जुन्या वास्तूच्या आवारात एवढी गर्दी होऊ द्यावी की नाही, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. लोकांच्या ओझ्याने वाडा खचू नये आणि कुलपाच्या गंजाने तो मरूही नये, यांतून वाट काढावयाची आहे. तथापि रात्री घरी परतताना आमची नात म्हणाली की ते मोठे लोखंडी दार आता तिला ओळखते. सहा वर्षांच्या मुलीचे बोलणे आहे. त्यात फार अर्थ शोधू नये.

आता थोडे दूर जाऊ. फ्रान्स देशात ऱ्होन नदीच्या काठी आव्हिन्याँ नावाचे जुने तटबंदीचे शहर आहे. १३०९ ते १३७७ या काळात ख्रिस्ती धर्माचे प्रमुख पोप रोम सोडून तेथे राहिले आणि त्यांनी किल्ल्यासारखा दांडगा दगडी राजवाडा बांधिला. पोप परत गेले. पुढे क्रांती झाली. त्या राजवाड्यात शिपायांची बरॅक झाली आणि १९०६ पर्यंत ती तशीच राहिली. भिंतींवरील चित्रे त्यांत पुष्कळ नासली. दुसऱ्या महायुद्धात त्या शहरावर बॉम्ब पडले. युद्ध संपून दोन वर्षे झाली होती. देशात अन्नाची टंचाई होती आणि माणसे दमलेली होती. अशा वेळी, १९४७ साली, काही रसिकांनी राजवाड्याच्या मोठ्या प्रार्थनालयात चित्रांचे प्रदर्शन मांडण्याचे ठरविले आणि झाँ विलार नावाच्या पस्तिशीतल्या नटास विचारले की, या निमित्ताने तुझे गाजलेले एक नाटक येथे करशील का? विलार हा एका लहान दुकानदाराचा मुलगा. त्याने प्रथम नाही म्हटले. राजवाड्याचे अंगण त्यास फार अवाढव्य वाटले. मग विचार करून तो परत आला आणि म्हणाला की जुने एक नाही, नवी तीन करतो.

सप्टेंबर १९४७ मध्ये हा कलासप्ताह झाला. राजवाड्याच्या चौकात मंच उभारिला तो लष्कराच्या इंजिनिअर पलटणीच्या जवानांनी, फळ्या आणि पिंपे यांच्या आधारे. त्यावर शेक्सपिअरचे ‘दुसरा रिचर्ड’ हे नाटक झाले, गादी गमावणाऱ्या राजाचे. आठवडाभरात सुमारे ४,८०० माणसे आली आणि त्यांतली पुष्कळशी फुकट्या पासावर. हिशेबी माणसाने तेथेच हात टेकले असते. पुढल्या वर्षीपासून हा उत्सव जुलै महिन्यात होऊ लागला आणि आजतागायत होत आहे. २००३ साली रंगकर्मींच्या संपामुळे आणि २०२० साली साथीमुळे तो होऊ शकला नाही, इतकेच काय ते खंड. खेळ रात्री, उघड्या आकाशाखाली. चौकात सुमारे दोन हजार माणसे बसतात. खेळ सुरू होण्यापूर्वी तुताऱ्या वाजतात. ती धून मोरीस झार नावाच्या संगीतकाराने विलारच्या काळी बांधलेली, ती अद्याप चालू आहे. मिस्त्राल नावाचा वारा सुटला की नटांचे झगे आणि शब्द दोन्ही उडून जातात, तरी लोक घोंगड्या पांघरून बसून राहतात.

नाटक हे पाणी आणि विजेप्रमाणे सर्वांच्या घरी पोहोचले पाहिजे, अशी विलारची धारणा होती. १९५१ पासून पॅरिसच्या राष्ट्रीय लोकनाट्यगृहाची सूत्रेही त्याच्याकडे आली आणि तेथेही कामगारांस परवडतील असे दर ठेवून त्याने प्रेक्षक मिळविले. १९६६ पासून आव्हिन्याँतच, ज्यांना राजवाड्यात बोलावणे नव्हते अशा नटांनी गावातल्या लहान जागांत आपले खेळ सुरू केले. त्यांचा पसारा पुढे इतका वाढला की आता जुलै महिन्यात तेथे गल्लोगल्ली, गोदामांत, शाळांच्या अंगणांत एक हजारांहून अधिक खेळ होतात. राजवाड्याचे दार उघडले, तशी गावची दारेही उघडली. १९८५ साली याच उत्सवात पीटर ब्रूक या इंग्रज दिग्दर्शकाने महाभारत सादर केले. ते राजवाड्यात झाले नाही. शहराबाहेरच्या दगडाच्या खाणीत झाले. नऊ तासांचा खेळ. रात्रभर चाले आणि पहाटे सूर्य उगवे तेव्हा संपे. द्रौपदीचे काम आपल्या मल्लिका साराभाई यांनी केले. रात्रभर जागून खेळ पाहणे यांत फ्रेंचांस मोठे नवल वाटले. आपल्या दंडारी आणि भजनी सप्ताह पाहिलेल्या माणसास ते वाटणार नाही.

आता वऱ्हाडाकडे येतो. आमच्या भूमीत लालबागेसारखा राजवाडा नाही. अचलपूरच्या नबाबी इमारती पडत चालल्या आहेत, बाळापूरचा किल्ला आणि छत्री उभी आहे, गाविलगडावर गवत वाढते. पण कला येथे नव्हती असे कोण म्हणेल? अमरावतीच्या वीर वामनराव जोशींनी तुरुंगही भोगला आणि ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’, ‘रणदुंदुभि’ अशी नाटकेही लिहिली. ‘रणदुंदुभि’ १९२७ साली दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणिले. यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरी आली की हजारो माणसे उभी राहत. शेंडगावच्या गाडगेबाबांचे कीर्तन उघड्या मैदानात, हातात फुटके मडके. यांपैकी कोणास झुंबराची गरज पडली? एवढे मात्र खरे की या माणसांस मैदान पुरे झाले, सर्वांस पुरत नाही. ज्याचा आवाज मोठा नाही, ज्याच्या हातात नाजूक वस्तू आहे, जी मुलगी पहिल्यांदाच चार लोकांपुढे उभी राहते, त्यांना चार भिंतींचे अंगण हवे असते.

ते अंगण आपल्याजवळ आहे. परकोटाच्या आत, अंबा गेटापासून हाकेच्या अंतरावर, आपल्या समाजाचा वाडा आहे. राजवाडा नव्हे, परंतु तीन पुरुषांच्या आठवणींचा वाडा आहे. मेळघाटच्या सागवानाचे खांब, चारी बाजूंनी ओसरी, मधोमध फरसबंदीचा चौक, वर माडी. समाजाच्या एका दानशूर गृहस्थांनी तो विद्यार्थ्यांसाठी दिला. आम्ही स्वतः त्याच माडीवर राहून, सरकारी दिव्याखाली अभ्यास करून जुन्या मॅट्रिकच्या परीक्षेस बसलो. पुढे वसतिगृह नव्या इमारतीत गेले. आता वाड्यास कुलूप आहे. आज दुपारी आपणांस ठरवावयाचे आहे की तो पाडून तेथे मंगल कार्यालय आणि खाली दुकाने बांधावीत काय.

बांधावीत म्हणणाऱ्यांचा पक्ष आम्ही हलका लेखीत नाही. दुकानांचे भाडे येईल, त्यातून गरजू मुलांस शिष्यवृत्त्या देता येतील. ज्याने शिष्यवृत्तीवाचून शिक्षण सुटलेले पाहिले आहे, त्याने या युक्तिवादास हसू नये. आमचे म्हणणे इतकेच की पाडण्यापूर्वी तो वाडा एकदा उघडून पाहावा. वर्षातून तीन संध्याकाळी. परीक्षा आटोपल्यावर, चैत्राच्या अखेरीस, उन्हे कलल्यावर चौकात पाण्याचा सडा घालून. अमरावती-अकोल्याचा पारा पंचेचाळिसाकडे झुकू लागतो तेव्हा दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही, हे खरे; पण रात्री कोणी घरात बसत नाही, हेही तितकेच खरे. गच्चीवर पडून डास मारण्यापेक्षा चौकात बसून गाणे ऐकणे काय वाईट?

खर्चाचे म्हणाल तर विलारच्या फळ्या आणि पिंपे ध्यानात ठेवावीत. स्नेहभोजनातील दोन पक्वान्नांपैकी एक कमी केले, तर एका संध्याकाळची सोय होते. कोणते कमी करावे यावर मात्र सभा रात्रभर चालेल, हे आम्ही जाणून आहो.

दुसरा आक्षेप कानावर आला तो असा: ‘आपल्या घरच्या मुलींनी लोकांपुढे गावे काय?’ ज्येष्ठांस आम्ही नम्रपणे विचारतो की ती मुलगी महाविद्यालयात, बँकेत, दवाखान्यात लोकांपुढे उभी राहते तेव्हा आपण अभिमानाने सांगतो. मग तिच्या आजीच्या भुलाबाईच्या गाण्यांनी काय गुन्हा केला? आमच्या समाजातील म्हाताऱ्या बायांस भुलाबाईची जितकी गाणी तोंडपाठ आहेत तितकी कोणत्याही पुस्तकात नसतील आणि त्या एकेक करून जात आहेत. एका संध्याकाळी त्यांना माडीच्या पायरीवर बसवावे आणि नातींनी खाली बसून ती गाणी उतरून घ्यावीत.

तिसरा आक्षेप उघड कोणी बोलले नाही, पण आहे. ‘वाडा समाजाचा, तेथे बाहेरचे कशास?’ या प्रश्नावर आम्ही अनेक दिवस विचार केला. आपली संस्था ज्ञातीची आहे आणि ज्ञातीच्या मुलांस शिकविण्यासाठी ती निघाली, यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पण त्या वाड्याचे खांब कोणी रंधिले? सुतारांनी. फरशी कोणी बसविली? पाथरवटांनी. सागवान सातपुड्यातून खाली कोणी उतरविले? त्यांत कोरकू आणि गोंड होतेच होते. वाडा बांधला जाईतो ते सर्व आत होते. दार बसविले आणि ते बाहेर झाले. जुन्या काळी आपल्याच ओसरीवर वाजंत्री वाजत, गोंधळी येत, वासुदेव येई. आपण त्यांस धान्य दिले, जुने धोतर दिले, पण पानावर बसविले नाही. म्हणून आमची सूचना अशी की तिन्ही संध्याकाळी दिंडीदरवाजा सर्वांस मोकळा असावा. मेळघाटातून एक कोरकू मेळा बोलवावा. त्यांना जाण्यायेण्याचे भाडे आणि योग्य मानधन आधी, हातात, पाकिटातून द्यावे. रात्री आपल्याच पंगतीत, आपल्यामध्ये त्यांची पाने मांडावीत. वेगळी पंगत असेल तर उत्सव करू नये. वाडा पाडून दुकाने काढावीत. त्यात निदान सर्व गिऱ्हाइके सारखी असतात.

हे आम्ही थोडे कठोर बोललो. अध्यक्ष महाराजांनी ते वगळून छापले तरी आमची हरकत नाही. मात्र छापलेच तर वेलांटीसुद्धा बदलू नये.

कार्यकारी मंडळाच्या सोयीसाठी काही गोष्टी पाहून ठेविल्या आहेत. गेल्या आठवड्यात चौकीदाराकडून किल्ली घेऊन आम्ही दोन जुन्या विद्यार्थ्यांसह वाड्यात गेलो. चौकात खुर्च्या न मांडता जाजम अंथरले, तर दीडशे माणसे सहज बसतील आणि ओसरीवर आणखी साठ. पश्चिमेकडील ओसरीचे दोन खांब वाळवीने खाल्ले आहेत. त्या बाजूस गर्दी बसवू नये. विजेची तार जुनी आहे, ती बदलावी लागेल. विहिरीस पाणी आहे आणि रहाट चालतो. माडीवर आम्ही कोळशाने लिहिलेले इतिहासाचे सन भिंतीवर अद्याप दिसतात, त्यांपैकी एक चुकीचा आहे. दिंडीदरवाज्याची वरची बिजागरी निखळली असल्याने दार उघडताना दोन माणसे लागतात. खोलापुरी गेटजवळचे एक लोहार ती दोन दिवसांत बसवून देतो म्हणाले आणि मजुरी किती हे विचारले तेव्हा, आत काय होणार ते आधी सांगा, असे म्हणाले. त्यांस काय सांगावयाचे ते आज दुपारी ठरवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.